आर.ई.एम.: शब्द नीट ऐकू का येत नाहीत, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तिसरी_घंटा

'लूझिंग माय रिलिजन', 'एव्हरीबडी हर्ट्स', 'मॅन ऑन द मून' ही आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडची गाणी बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. तिथून मागे जाऊन 'मर्मर' (१९८३) हा पहिला अल्बम लावला की मात्र गाडी अडते. चाली डोक्यात बसतात, पण गायक मायकल स्टाइप काय गातोय त्याचा पत्ता लागत नाही. नेटवर एकाच गाण्याचे तीन वेगवेगळे शब्द सापडतात. जाणकारांना तीन प्रश्न आहेत.

पहिला: हे अस्पष्ट गाणं मुद्दाम आहे, की तेव्हाच्या रेकॉर्डिंगची मर्यादा? दुसरा: पंधरा स्टुडिओ अल्बमांत फिरून फिरून येणारे विषय कोणते, आणि ते कुठल्या क्रमाने ऐकले तर नीट उलगडतील? तिसरा: 'लूझिंग माय रिलिजन'मधलं मँडोलिन वाजवायचं असेल तर कॉर्ड कसे धरायचे? गिटारच्या साइटवर मिळतं ते मँडोलिनवर तसंच्या तसं बसत नाही.

उत्तररात्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मुद्दाम आहे. पण त्यामागे एकच कारण नाही, म्हणून थोडा इतिहास सांगावा लागेल.

बँड अथेन्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या विद्यापीठाच्या गावचा. पीटर बक (गिटार) तिथल्या वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, स्टाइप तिथला गिऱ्हाईक. माइक मिल्स (बेस) आणि बिल बेरी (ड्रम) मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या पार्टीत हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. तेव्हा बँडला नावही नव्हतं, ते नंतर शब्दकोशातून उचललं. १९८१ मध्ये 'रेडिओ फ्री युरोप' ही पहिली सिंगल हिब-टोन या छोट्या लेबलवर निघाली. ती मिच ईस्टरच्या स्टुडिओत, म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड झाली होती. पुढच्या वर्षी आय.आर.एस. कंपनीकडून 'क्रॉनिक टाऊन' हा पाच गाण्यांचा ईपी आला.

'मर्मर'च्या आधी कंपनीने स्टीफन हेग या निर्मात्याला आजमावून पाहिलं होतं. त्याने 'कॅटापल्ट' या एकाच गाण्याचे टेकवर टेक घेतले, बेरीच्या तालाचा काटेकोरपणा तपासत राहिला आणि वरून कीबोर्डही चढवले. बँडचा, विशेषतः बेरीचा, उत्साह पार ओसरला. चौघांनी ईस्टर आणि डॉन डिक्सन यांना घेऊन शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत काम करायचा हट्ट धरला, आणि कंपनीने तो मानला. त्यामुळे १९८३ साली चलतीत असलेले सिंथेसायझर आणि लांबलचक गिटार सोलो या अल्बममध्ये नाहीत. त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमसाठी 'रोलिंग स्टोन' मासिकाने 'मर्मर'च निवडला.

आता आवाजाबद्दल. स्टाइप तेव्हा ओळीचा अर्थ नंतर पाहायचा, आधी चालीवर बसणारे स्वर आणि अक्षरं शोधायचा. 'मर्मर'चं गायन त्याने इतरांपासून दूर, जिन्यापाशी उभं राहून केलं. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, त्याचा आवाज गिटारच्या पातळीवर, काही ठिकाणी तर तिच्याही खाली ठेवला. आणि सर्वांत महत्त्वाचं: मिल्स आणि बेरी पाठीमागून नुसता कोरस देत नाहीत, बऱ्याचदा ते वेगळेच शब्द वेगळ्या चालीत गातात. अशा वेळी एका कानाला एक ओळ धरता येत नाही. ट्रान्स्क्रिप्शन करणारे दोन गायकांचे शब्द एकाच ओळीत मिसळतात, म्हणून नेटवर तीन पाठ सापडतात. बँडने कित्येक वर्षं शब्द छापलेच नाहीत. 'ग्रीन' (१९८८) वर फक्त 'वर्ल्ड लीडर प्रिटेंड'चे छापले, आणि सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापले ते 'अप' (१९९८) वर. त्याआधीच्या गाण्यांचे नेटवरचे शब्द अंदाजाचे आहेत असं धरूनच चालावं.

स्टाइपला शब्दांचं वावडं नव्हतं, याचा एक सुंदर पुरावा आहे. 'रेकनिंग' (१९८४) च्या वेळी 'सेव्हन चायनीज ब्रदर्स' गाताना त्याचा आवाज मोकळा होईना, तेव्हा डिक्सनने त्याच्या हातात एका गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) रेकॉर्डचं कव्हर दिलं. त्यामागे छापलेला मजकूर, गायकांच्या नावांसकट, स्टाइपने जसाच्या तसा त्याच चालीवर गाऊन टाकला. ते रेकॉर्डिंग 'व्हॉइस ऑफ हॅरल्ड' म्हणून 'डेड लेटर ऑफिस' (१९८७) या संग्रहात आहे. दोन्ही गाणी पाठोपाठ लावा. त्याच वादनावर, त्याच चालीत कव्हरमागचा मजकूरही तितकाच भिडतो. सुरुवातीच्या आर.ई.एम.मध्ये आवाज हे चौथं वाद्य आहे, हे त्या दोन गाण्यांत जेवढं स्पष्ट ऐकू येतं तेवढं कुठल्याही लेखात कळणार नाही.

पुढे आवाज पायरीपायरीने वर आला. 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५) लंडनमध्ये जो बॉइडबरोबर झाला, त्यात तो अजून गढूळ आहे. 'लाइफ्स रिच पेजंट' (१९८६) ला डॉन गेमन निर्माता होता. त्याने स्टाइपला थेट विचारायला सुरुवात केली, हे गाणं कशाबद्दल आहे? त्याचा परिणाम पहिल्याच गाण्यात ऐकू येतो. 'डॉक्युमेंट' (१९८७) पासून स्कॉट लिट निर्माता म्हणून आला आणि 'द वन आय लव्ह' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं.

म्हणून क्रम असा सुचवतो. आधी 'लाइफ्स रिच पेजंट': शब्द कळतात, पण जुना आर.ई.एम.ही शाबूत आहे. मग मागे 'रेकनिंग', मग 'मर्मर'. नंतर पुढे 'डॉक्युमेंट' आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२). 'फेबल्स' शेवटी ठेवा. तो माझ्या मते सर्वांत खोल अल्बम आहे, पण पहिल्यांदाच लावलात तर हाती काही लागणार नाही. 'मर्मर' हेडफोनवर ऐका आणि पहिल्या फेरीत फक्त मिल्सच्या बेसकडे लक्ष द्या. बकची गिटार कॉर्ड सुटा करून एकेक तार छेडते, त्यामुळे पुष्कळदा खरी चाल बेसवर असते.

नदीकाठ

उत्तररात्र यांच्याशी बहुतांशी सहमत, पण 'आवाज हे वाद्य' एवढ्यावर थांबलं तर विषयांवर अन्याय होतो. अगदी अस्पष्ट गाण्यांतही विषय आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना विषय म्हणजे न पोहोचलेला निरोप. 'रेडिओ फ्री युरोप'मध्ये प्रक्षेपण आहे. 'साउथ सेंट्रल रेन'मध्ये पुरामुळे फोन लागत नाही आणि माफी मागायची राहून गेलेली आहे. 'ई-बो द लेटर' (१९९६) हे न पाठवलेलं पत्र आहे, त्यात गायिका पॅटी स्मिथचा आवाज येतो. 'व्हॉट्स द फ्रीक्वेन्सी, केनेथ?' (१९९४) हे १९८६ मध्ये वृत्तनिवेदक डॅन रादरवर झालेल्या हल्ल्यावरून सुचलेलं. हल्लेखोर हाच प्रश्न विचारत होता आणि त्याचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. गाणारा अर्धवट ऐकू येतो आणि गाण्यातला माणूसही अर्धवटच ऐकला जातो. म्हणून ती अस्पष्टता मला नुसती नादाची हौस वाटत नाही.

दुसरा धागा नद्या आणि पाणी. 'कायाहोगा' हे ओहायोतल्या नदीचं नाव. क्लीव्हलंडजवळ ती इतकी तेलकट झाली होती की १९६९ साली तिला आग लागली. गाणं त्या नदीपासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या गेलेल्या जमिनीकडे जातं. 'फॉल ऑन मी' सुरुवातीला आम्लवर्षेवर होतं, नंतर स्टाइपने शब्द बदलून ते एकूणच डोक्यावर कोसळणाऱ्या दडपणाबद्दल केलं. पण मिल्सच्या आवाजात मागे चाललेली चाल आधीच्या गाण्यातली राहिली. म्हणजे एकाच गाण्यात नवा आणि जुना पाठ एकत्र वाहतात. मिल्सचा आवाज वेगळा काढून ऐकायची सवय लावायची असेल तर याच गाण्यापासून लावा. पुढे 'नाइटस्विमिंग' आणि 'फाइंड द रिव्हर' या 'ऑटोमॅटिक'च्या शेवटच्या दोन गाण्यांतही पाणीच आहे, पण तिथे ते आठवण आणि वय यांचं आहे.

तिसरा, अमेरिकेच्या दक्षिणेची माणसं आणि रेल्वे. हा 'फेबल्स'चा प्रांत. 'ड्रायव्हर ८' आगगाडीचं गाणं आहे. 'मॅप्स अँड लेजंड्स' हॉवर्ड फिन्स्टरला अर्पण केलेलं. फिन्स्टर जॉर्जियातला बाप्टिस्ट उपदेशक आणि स्वयंशिक्षित चित्रकार, 'रेकनिंग'चं मुखपृष्ठ त्याने स्टाइपबरोबर केलं. 'रेडिओ फ्री युरोप'चा व्हिडिओही त्याच्याच बागेत चित्रित झाला.

चौथं राजकारण. 'द फ्लॉवर्स ऑफ ग्वाटेमाला' वरवर फुलांचं गाणं आहे, पण ती फुलं थडग्यांवर वाढली आहेत हे कळल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं ऐकता येत नाही. 'एक्झ्यूमिंग मकार्थी' टाइपरायटरच्या खडखडाटाने सुरू होतं आणि मधे कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मकार्थीच्या १९५४ च्या आर्मी-मकार्थी सुनावणीतला खरा आवाज येतो. 'ऑरेंज क्रश'मध्ये व्हिएतनाममध्ये फवारलेलं एजंट ऑरेंज हे विषारी तणनाशक आहे. स्टाइपचे वडील त्या युद्धात होते. 'ग्रीन' हा अल्बम ८ नोव्हेंबर १९८८ ला, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी बाजारात आला. 'आऊट ऑफ टाइम' (१९९१) च्या सीडीच्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यावर मतदार नोंदणी सोपी करा म्हणणारं कार्ड छापलं होतं, ते कापून सही करून धाडायचं. नोंदणी सोपी करणारा तसा कायदा १९९३ मध्ये झाला.

प्रेमाच्या गाण्यांबाबत एक इशारा. 'द वन आय लव्ह' लोक रेडिओवर एकमेकांना अर्पण करत, पण त्यातला माणूस समोरच्याला वेळ घालवायचं साधन म्हणतो. ते क्रूर गाणं आहे. 'लूझिंग माय रिलिजन'ही धर्माबद्दल नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत डोकं फिरण्याच्या, संयम सुटण्याच्या अर्थाने ते म्हणतात. गाणं एकतर्फी ओढीचं आहे. आपण जास्त बोललो की कमी, याचा हिशेब करत बसलेल्या माणसाचं. पुन्हा तोच विषय: निरोप पोहोचला की नाही?

चौपदरी

तिसऱ्या प्रश्नाचं घेतो.

मँडोलिनला आठ तारा, चार जोड्या: जी, डी, ए, ई. व्हायोलिनचीच जुळणी. गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा ई, ए, डी, जी, म्हणजे बरोबर उलट क्रम. म्हणून गिटारचे आकार इथे बसत नाहीत. जाड तारेकडून बारीक तारेकडे पडद्यांचे आकडे असे (० म्हणजे मोकळी तार):

ए मायनर: २-२-३-०
ई मायनर: ०-२-२-०
डी मायनर: २-०-०-१
जी: ०-०-२-३
एफ: ५-३-०-१
सी: ०-२-३-०

कडव्यात ए मायनर आणि ई मायनर अशी जोडी तीन वेळा, मग डी मायनर आणि जी. 'हसताना ऐकू आलीस' असं म्हणणाऱ्या भागात एफ, मग जीकडे जाताना डी मायनरचा स्पर्श, आणि ए मायनरवर उतरायचं. एफला बोटं ताणली जातात. सुरुवातीला जाड जोडी वगळून फक्त ३-०-१ धरा, काही बिघडत नाही.

गती मिनिटाला सुमारे १२५ ठोके. मेट्रोनोम ८० वर ठेवून सुरू करा आणि पाच-पाचने वाढवा. उजवा हात खाली-वर सतत फिरता ठेवायचा, सुरावट वाजवतानाही थांबवायचा नाही. बकची सुरुवातीची सुरावट कॉर्डच्या आकारातूनच निघते: कॉर्ड धरलेला ठेवून वरच्या जोड्यांवर एखादं बोट उचलायचं किंवा टेकवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते सुरावट सुटी वाजवतात आणि मग कॉर्डवर उडी मारतात, त्यामुळे मधे पोकळी पडते. रेकॉर्डवर ती पोकळी जाणवत नाही, कारण खाली पीटर होल्सॅपलची अकूस्टिक गिटार आणि मिल्सचा बेस सतत चालू आहेत. एकटे वाजवणार असाल तर मोकळ्या तारा गुंजत ठेवणं हाच उपाय. तळव्याने तारा दाबू नका.

पिक मध्यम जाडीची घ्या. फार पातळ पिकने जोडीतली एकच तार लागते आणि आवाज चिरका येतो.

बकने हे गाणं केलं तेव्हा तो मँडोलिन नव्यानेच शिकत होता, टीव्हीसमोर बसून वाजवत टेपवर उतरवत होता. म्हणून बोटांचं यात काहीच अवघड नाही, सगळी मेहनत उजव्या हाताच्या सातत्याची आहे. हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यांना हे वाद्य परकं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मँडोलिनवादकच. पण तिकडची लांब थरथरती सुरावट इथे वापरू नका, या गाण्याला कोरडा, तुटक ठेका लागतो.

तिसरी_घंटा

सर्वांचे आभार, फारच उपयोगी. चौपदरी, दोन अडचणी: जोडीतल्या दोन तारा थोड्याच वेळात एकमेकींपासून सरकतात, आणि वरच्या पडद्यांवर कॉर्ड बेसूर लागतो. मोकळ्या तारा मात्र ट्यूनरवर बरोबर दिसतात.

चौपदरी

दुसऱ्या अडचणीचं कारण बहुतेक घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, जागची सरकलेली आहे. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा सूर पडताळून पाहा. दाबलेला चढा असेल तर घोडी शेपटीकडे किंचित सरकवा, उतरता असेल तर मानेकडे. हे जाड आणि बारीक दोन्ही बाजूंना वेगळं तपासा, घोडी थोडी तिरकी बसते. तारा बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी पडते आणि जागा हरवते.

जोड्यांसाठी: जोडीतली एक तार बोटाने दाबून मुकी करा, दुसरी ट्यूनरवर लावा, मग पहिली ट्यूनर न पाहता दुसरीशी कानाने जुळवा. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. वरून खाली उतरवून थांबलात तर खुंटीतली ढिलाई पुढच्या दोन मिनिटांत सूर उतरवते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातातच. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, लाकूड फुगून तारांची उंची वाढते आणि दाबताना सूर चढतो. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. फार वाढली असेल तर घोडीच्या दोन चकत्या फिरवून खाली घ्या, पण आधी तारा थोड्या सैल करून. ताणलेल्या तारांखाली चकती फिरवली की आटे जातात.

पडदानशीन

व्हिडिओचा उल्लेख राहिला. 'लूझिंग माय रिलिजन'चा दिग्दर्शक तरसेम सिंग, जालंधरचा, पॅसाडेनात शिकलेला. त्याने इटालियन चित्रकार काराव्हाजिओच्या चित्रांतला अंधार-उजेड घेतला, कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसच्या कथेतला पंखवाला म्हातारा घेतला आणि त्याला भारतीय कॅलेंडरांवरच्या देवादिकांच्या मांडणीची जोड दिली. आपल्याकडे त्या निळ्या कांतीच्या, समोर बघणाऱ्या आकृती कुठून आल्या हे सांगावं लागत नाही. १९९१ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसह सहा पुरस्कार मिळाले. तोवर स्टाइप व्हिडिओत ओठ हलवायला राजी नसे. इथे तो शब्द म्हणताना दिसतो, म्हणजे उत्तररात्र यांनी सांगितलेली आवाजाची चढण इथे डोळ्यांनाही दिसते.

उत्तररात्र

चांगला मुद्दा. त्या चढणीला एक मोठा अपवाद आहे आणि तो घरी तपासता येतो. 'मॉन्स्टर' (१९९४) मध्ये आवाज पुन्हा गिटारच्या भिंतीमागे गेला. ते मिक्स स्कॉट लिटच्या मनातून कधी गेलं नाही, आणि २०१९ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत त्याने अख्खा अल्बम नव्याने मिक्स करून आवाज पुढे आणला. 'व्हॉट्स द फ्रीक्वेन्सी, केनेथ?' दोन्ही आवृत्त्यांत लावून पाहा. जुनीत आधी गिटारचा थरथराट ऐकू येतो, नवीत आधी माणूस. मला जुनी अधिक खरी वाटते, कारण नदीकाठ म्हणतात तसं ते गाणंच न कळण्याबद्दल आहे. शेवटाकडे गाण्याची गती उतरते तेही ऐका. मिल्सला ॲपेंडिसायटिसचा त्रास सुरू झाला होता, तो मंदावला आणि बाकीचे त्याच्याबरोबर मंदावले. ते रेकॉर्डिंग तसंच ठेवलं.

नदीकाठ

आणि उलट्या बाजूचं उदाहरण 'एव्हरीबडी हर्ट्स'. ते मुख्यतः बेरीचं गाणं. शब्द सरळ ठेवले, कारण ते कुमारवयातल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवं होतं. डी आणि जीचे सुटे कॉर्ड, सहा मात्रांचा ठेका, ड्रम मशीन, आणि लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने बांधलेली तंतुवाद्यं. आख्ख्या कारकिर्दीत निरोप पोहोचलाच पाहिजे असं ठरवून केलेलं एवढं स्पष्ट गाणं दुसरं नाही.

बेरीबद्दल एवढं सांगायला हवं की श्रेय प्रत्येक गाण्यावर चौघांचं समान छापलं जाई, त्यामुळे कुणाचं काय हे बाहेरून कळत नाही. तिघे वाद्यांवर गाणं उभं करून टेप स्टाइपला देत. त्याला शब्द सुचले तर गाणं पुढे जाई, नाहीतर बाजूला पडे. १ मार्च १९९५ ला लोझानमध्ये कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, परतला, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये बँड सोडून शेती करू लागला. त्यानंतरचा 'अप' ड्रम मशीनवर उभा आहे, आणि शब्द छापायला सुरुवात झाली तीही त्याच अल्बमवर. चौथा माणूस गेल्यावर मधली जागा रिकामी झाली आणि आवाजाला लपायला आडोसा उरला नाही, असं मला ऐकताना वाटतं. २१ सप्टेंबर २०११ ला बँड थांबला. नंतरच्या काळातलं फक्त एकच ऐकणार असाल तर 'अप' ऐका, छापलेले शब्द समोर ठेवून, आणि त्याच्या आधी 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६). तो बराचसा दौऱ्यात, साउंडचेक आणि ड्रेसिंग रूममध्ये रेकॉर्ड झालेला आहे, आणि बेरी त्यात शेवटचा सापडतो.